चूक दडपू नका, शोधा!



शाळेतला किंवा घरचा संगणक बंद होत असताना तुम्ही कधी पडद्याकडे लक्ष देऊन पाहिले आहे काय? बहुतेक जण 'शट डाउन'वर टिचकी मारतात आणि दप्तर उचलून चालू लागतात. मागे पडद्यावर एखादी चौकट उमटते, कसली तरी तक्रार करते आणि कोणी वाचण्यापूर्वीच नाहीशी होते. ती थांबून राहिलीच, तर आपण 'ओके' दाबून मोकळे होतो. चौकटीत काय लिहिले होते, असे विचारले तर दहांपैकी नऊ जणांना सांगता येत नाही.

ही सवय मला घातक वाटते. ती संगणकाला घातक आहेच, पण त्याहून अधिक आपल्या विचार करण्याच्या पद्धतीला घातक आहे. असे मी का म्हणतो, ते आमच्या प्रयोगशाळेतल्या एका प्रसंगावरून सांगतो.

आमच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत एक जुना संगणक आहे. त्यात महाविद्यालयाच्या पर्जन्यमापकाच्या सात पावसाळ्यांच्या नोंदी होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. हा दोष सर्वस्वी माझा, तो आधीच कबूल करतो. एके दिवशी हा संगणक बंद होताना कुरकुरू लागला. चौकटीवर मथळा येई 'एमसीआय कमांड हँडलिंग विंडो', त्यापुढे 'रनडीएलएल३२' हे नाव, आणि खाली मजकूर असा की, अमुक पत्त्यावरील स्मृती वाचता आली नाही.

संध्याकाळी संगणक बंद करण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेच्या परिचरांकडे असते. त्यांना सगळे मामा म्हणतात. चौकट नेहमी त्यांच्याच हातून संगणक बंद होताना येई. साहजिकच दोष त्यांच्यावर आला. "मामा, तुम्ही भलतेच बटण दाबता," असे विद्यार्थी म्हणू लागले. एका सहकाऱ्यांनी तर त्यांना लेखी समज द्यावी, असे सुचवले. मामा बिचारे म्हणत, "सर, मी फक्त बंद करतो हो. बाकी कशाला हात लावत नाही." पुढेपुढे तर संगणक बंद करायचा म्हटला की त्यांचा हात बिचकू लागला.

आता विचार करा. चूक संगणक बंद होताना येते आणि तो बंद मामा करतात. म्हणून चूक मामा करतात, हे अनुमान बरोबर आहे काय? रोज पहाटे कोंबडा आरवतो आणि मग सूर्य उगवतो, म्हणून कोंबडा सूर्य उगवतो असे म्हणण्यासारखेच हे झाले. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. हा नियम आपण पुस्तकात वाचतो. माणसावर दोष ठेवताना मात्र नेमका विसरतो.

दुसरा पक्ष म्हणत होता, "व्हायरस असणार. सगळे पुसून टाका आणि विंडोज नव्याने घाला." एका उत्साही विद्यार्थ्याने तर 'रनडीएलएल३२' ही फाइलच काढून टाकण्याची तयारी केली होती. मी दोघांनाही थांबवले. आधी पर्जन्याच्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि मग शोधाला लागलो.

संगणक बंद होतो म्हणजे नेमके काय होते? पडद्यावर आपल्याला दोनचार प्रोग्रॅम दिसतात, पण पडद्यामागे कितीतरी प्रोग्रॅम चालू असतात. लग्नघरात मांडवात बसलेली मंडळी दिसतात, पण आचारी, वाढपी, पाणके मागच्या अंगणात असतात, तसेच हे. बंद करण्याची आज्ञा मिळताच विंडोज चालू प्रोग्रॅमना निरोप पाठवते की, सत्र संपत आहे, तुमची काही हरकत आहे काय? मग दुसरा निरोप जातो की, आता आवरा. प्रोग्रॅमने आपली फाइल जतन करावी, घेतलेली स्मृती परत करावी आणि निघून जावे, अशी अपेक्षा असते. साधारण पाच सेकंदांत उत्तर आले नाही, तर हा प्रोग्रॅम अडून बसला आहे असे विंडोज समजते.

आमची चूक अडून बसण्याची नव्हती. वेळ चुकल्याची होती. मांडव उतरवताना कोणी शिडीवर चढलेला असावा आणि दुसऱ्याने तोच खांब उपटावा, तसे काहीसे झाले होते. एखादा प्रोग्रॅम ज्या स्मृतीवर विसंबून होता, ती आधीच आवरली गेली होती. तो वाचायला गेला आणि तेथे काहीच नव्हते!

मथळ्यातल्या नावांचा अर्थही पाहू. 'एमसीआय' ही विंडोजमधली आवाज आणि चित्रफिती वाजवण्याची जुनी सोय आहे. प्रोग्रॅम तिचा वापर करतो तेव्हा ती एक अदृश्य खिडकी उघडते आणि त्या खिडकीचे नाव चौकटीवर येते. म्हणजे ते गुन्हेगाराचे नाव नव्हेच! त्यावरून इतकेच कळते की, हा कोणीतरी आवाज करणारा आहे. 'रनडीएलएल३२' हा तर विंडोजचाच प्रोग्रॅम. दुसऱ्यांच्या ग्रंथालय-फाइलींतले काम चालवून देणे हा त्याचा व्यवसाय. तो भाड्याच्या टांग्यासारखा आहे. आपल्याला टांग्याचा क्रमांक कळला होता, आत बसलेला उतारू कोण हे कळले नव्हते. टांगाच मोडून टाकला असता तर दुसरे कितीतरी प्रामाणिक उतारू खोळंबले असते.

मग शोध कसा घ्यायचा? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातल्या 'स्टार्टअप' या यादीत संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची नावे असतात. आमच्या यादीत १६ नावे होती. एकेक बंद करून पाहायचे म्हटले तर १६ फेऱ्या लागू शकतात. आम्ही निम्मे बंद केले, निम्मे चालू ठेवले. चूक आली तर संशयित चालू असलेल्या आठांत. नाही आली तर बंद केलेल्या आठांत. मग आठांचे चार, चारांचे दोन, दोनांचा एक. चारच फेऱ्यांत काम होते. नावे ३२ असती तरी पाच फेऱ्या पुरल्या असत्या. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो, त्यातली युक्ती हीच. अर्थात, गुन्हेगार एकच आहे, हे यात गृहीत धरलेले असते.

पण एक अडचण होती. चूक दर वेळी येत नसे. सुमारे निम्म्या वेळा येई. एकदा संगणक गुपचूप बंद झाला म्हणजे चूक गेली, असे कसे म्हणावे? येथे गणित मदतीला आले. चूक असूनही ती एकदा न दिसण्याची शक्यता १/२. लागोपाठ पाच वेळा न दिसण्याची शक्यता १/२ चा पाचवा घात, म्हणजे १/३२. म्हणून आम्ही ठरवले की, चूक एकदा दिसली तरी पुरे; पण 'दिसत नाही' असे म्हणायचे तर पाच वेळा पाहायचे. 'आहे' हे एका साक्षीने ठरते, 'नाही' म्हणायला अधिक कष्ट पडतात, हे ध्यानात ठेवा. आणखी एक खबरदारी घेतली. विंडोज ८ पासून पुढे साध्या 'शट डाउन'ने, 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यास, संगणक पुरता बंद होत नाही. काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो. म्हणून प्रत्येक चाचणी 'रीस्टार्ट'ने केली आणि प्रत्येक चाचणीची नोंद वहीत मांडली.

एका दुपारीच उलगडा झाला. उरलेले नाव एका छपाईयंत्राच्या मदतनीस प्रोग्रॅमचे होते. ते यंत्र दोन वर्षांपूर्वीच मोडीत निघाले होते! यंत्र गेले, पण त्याचा नोकर रोज सकाळी येऊन कामावर हजर होत होता. छपाई सुरू झाली की "छपाई सुरू झाली" असे इंग्रजीत बोलून सांगणे, हे त्याचे एक काम. आवाजाची खिडकी कोठून आली, ते आता कळले. 'टास्क मॅनेजर'च्या 'डिटेल्स' भागात 'कमांड लाइन' हा रकाना उघडून पाहिला, तेव्हा 'रनडीएलएल३२' त्याच छपाईयंत्राच्या फोल्डरमधली फाइल चालवीत असल्याचे दिसले. टांग्यातला उतारू सापडला!

तरी आम्ही तेथे थांबलो नाही. तो प्रोग्रॅम मुद्दाम पुन्हा चालू केला. दुसऱ्याच खेपेला चौकट हजर झाली. बंद केला, नाहीशी झाली. कारण काढल्यावर परिणाम जातो आणि परत घातल्यावर परत येतो, हे दोन्ही दाखवल्याशिवाय शोध पुरा होत नाही. मग तो प्रोग्रॅम रीतसर काढून टाकला. मामांना बोलावून सर्वांसमोर त्यांच्याच हातून संगणक बंद करवला. चौकट आली नाही. ज्या विद्यार्थ्यांनी त्यांना दोष दिला होता, त्यांनी आपण होऊन क्षमा मागितली. त्या दिवशीचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष मला हाच वाटला.

काही जण म्हणतील, "एवढी दुपार कशाला घालवायची? सगळे पुसून नव्याने घातले असते तर तेवढ्याच वेळात काम झाले असते." हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. तिकीटखिडकीवर रांग खोळंबली असेल तर संगणक लवकर चालू होणे महत्त्वाचे. तेथे नवी मांडणी करणे शहाणपणाचे ठरेल. पण शाळा-महाविद्यालयातला संगणक शिकण्यासाठी असतो. शिवाय कारण न कळता पुसून टाकले, तर तोच प्रोग्रॅम त्याच तबकडीवरून पुन्हा आत येणार नाही, याची खात्री काय? कोणी असाही उपाय सांगतात की, विंडोजच्या नोंदवहीत 'ऑटोएंडटास्क्स' ही नोंद बदलावी, म्हणजे अडून बसलेला प्रोग्रॅम न विचारताच संपवला जातो. त्याने चौकशीची खिडकी दिसणार नाही, हे खरे; पण त्याबरोबर जतन न केलेले कामही जाऊ शकते. ताप दिसू नये म्हणून तापमापक फोडण्यातलाच हा प्रकार.

न दिसणाऱ्याचा माग त्याच्या परिणामांवरून काढणे ही विज्ञानाची जुनी रीत आहे. युरेनस ग्रहाच्या चालीत फरक पडतो, हे पाहून फ्रेंच गणिती ल व्हेरिए याने अज्ञात ग्रहाची जागा गणिताने काढली आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गाल याला त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या चालीतही फरक दिसला, तेव्हा ल व्हेरिएने पुन्हा अज्ञात ग्रहाचाच संशय घेतला. तो ग्रह मात्र कधीच सापडला नाही. कारण निराळेच होते. ते १९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने दाखवले. एकाच शास्त्रज्ञाचा एक तर्क खरा ठरला, दुसरा खोटा. निवाडा केला तो पडताळ्याने, नावलौकिकाने नव्हे.

तेव्हा मित्रांनो, यापुढे संगणकाने तक्रार केली तर 'ओके' दाबण्यापूर्वी ती शब्दशः वहीत उतरवून घ्या. आपल्या कामाची प्रत काढा. एका वेळी एकच बदल करा. काय केले आणि काय दिसले, ते लिहून ठेवा. शिक्षकांना विचारल्याशिवाय विंडोजच्या फाइली मात्र काढू नका. आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवण्यापूर्वी निदान पाच वेळा पडताळा पाहा.

पर्जन्याच्या नोंदींच्या आता तीन प्रती आहेत. त्यांपैकी एक मामांच्या कपाटात असते.