कावळा, फांदी आणि वाचक

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असे आपली म्हण सांगते. संस्कृतात हाच काकतालीय न्याय. दोन घटना एका क्षणी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे शहाणपण भाषेने आपल्या पदरात केव्हाच टाकले आहे. तरीही योगायोगात अर्थ पाहण्याची ओढ सुटत नाही. आम्हांस वाटते, याला काही अंशी आपण साहित्याचे वाचकही जबाबदार आहोत.

अ‍ॅरिस्टॉटल 'काव्यशास्त्रा'त अर्गोस येथील मिटिसच्या पुतळ्याचा दाखला देतो. मिटिसचा मारेकरी तो पुतळा पाहत असताना पुतळा नेमका त्याच्याच अंगावर कोसळला व तो मेला. अशा घटना निव्वळ यदृच्छेने घडल्यासारख्या वाटत नाहीत, म्हणून अशी कथानके अधिक सरस, असे त्याचे म्हणणे. यातील 'वाटत नाहीत' हे महत्त्वाचे. कथेतील योगायोगामागे लेखक असतो. तेथे अर्थ शोधणे हे वाचकाचे कामच आहे.

युंगने १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही मर्यादा ओलांडली. एक रुग्ण स्त्री सोनेरी भुंगेऱ्याचे स्वप्न सांगत होती आणि जवळजवळ तसाच भुंगेरा खिडकीवर येऊन आपटला. अशा घटना कार्यकारणावाचून अर्थाने जोडलेल्या असतात, असे त्याने मांडले. किस्सा मोहक आहे. पण जी स्वप्ने सांगताना खिडकीवर काहीच आले नाही, त्यांची मोजदाद कोण ठेवतो? अवघ्या २३ जणांच्या वर्गात कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. त्या दोघांना मात्र तो ऋणानुबंध वाटतो.

वाटला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. मैत्रीपुरते काहीच नाही. परंतु नवी सून घरात आली आणि आठवड्याभरात सासरे वारले, की हाच अर्थशोध तिला 'पांढऱ्या पायाची' ठरवतो. मृत्यूचे कारण हृदयविकार असते. अर्थ मात्र तिच्या माथी मारला जातो. भुंगेऱ्याचा अर्थ लावण्याची आणि पायगुणाचा अर्थ लावण्याची रीत एकच. पायगुणाची किंमत मात्र एक बाई जन्मभर मोजते.

म्हणून कथेतला योगायोग वाचायला शिकवताना, जगणे ही कोणी रचलेली संहिता नव्हे, हेही वर्गात सांगायला हवे. लाकूड पोखरताना किड्याकडून कधी एखादे अक्षर उमटते, हा आपला घुणाक्षर न्याय. किड्याला लिहिता येत नाही; वाचतो ते आपण. तेव्हा त्या वाचनाची जबाबदारीही आपलीच.