हाडांची घड्याळे टाळेबंदीत थांबली नव्हती

केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटी लाभार्थ्यांचा टप्पा गाठला आणि त्याचे कौतुक झाले. कौतुकाला हरकत नाही. हरकत आहे ती त्याआड निमूटपणे रुजलेल्या एका समजुतीला: २०२० मध्ये ओपीडी बंद राहिल्या तरी फारसे बिघडले नाही, कारण तिथले रुग्ण ‘तातडीचे’ नव्हतेच. निदान अस्थिव्यंगोपचारापुरती तरी ही समजूत साफ खोटी आहे.

दिल्लीच्या एम्सने २४ मार्च २०२० पासून नव्या आणि जुन्या अशा दोन्ही रुग्णांसाठी ओपीडी बंद केली. देशातल्या अनेक मोठ्या रुग्णालयांत तेच घडले. टाळेबंदीच्या आदेशात रुग्णालयांना सूट होती खरी. पण प्रवासी रेल्वेच बंद असताना बिहारहून दिल्लीला उपचारासाठी येणाऱ्याला त्या सुटीचा उपयोग काय? पहिल्या काही आठवड्यांतला हा निर्णय मी समजू शकतो. संसर्ग कसा वागेल हे ठाऊक नव्हते, संरक्षक पोशाखांचा तुटवडा होता आणि आपल्या ओपीडीची गर्दी कोणी पाहिलेली नाही? आक्षेप आहे तो पुढच्या महिन्यांवर. ‘तातडीचे नाही’ याचा अर्थ ‘थांबले तरी चालेल’ असा तेव्हा बिनदिक्कत लावला गेला.

जन्मतः आत वळलेले पाऊल, म्हणजे क्लबफूट, घ्या. नवजात बाळाचे अस्थिबंध सैल असतात आणि पावलाची बरीचशी हाडे अजून कूर्चेच्या रूपात असतात; दिशा द्यावी तशी ती वाढतात. पॉन्सेटी पद्धत नेमका याचाच फायदा घेते. दर आठवड्याला पाऊल हळुवारपणे थोडे बाहेर वळवायचे आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. अशी साधारण पाच-सहा प्लास्टरे झाली की बहुतेक बाळांच्या टाचेमागची कंडरा छेदून तीन आठवड्यांसाठी शेवटचे प्लास्टर घालतात. मग पट्टीला जोडलेले बूट: पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि त्यानंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत. प्रत्येक प्लास्टर मागच्या प्लास्टरने मिळवलेल्या कोनावर उभे असते. तिसऱ्यानंतर दोन महिने खंड पडला तर चौथे घालण्याजोगी स्थितीच उरत नाही. प्लास्टर निघाले तर पाऊल पुन्हा आत वळते. तसेच राहिले तर वाढत्या पायाला काचते. बूट लहान पडले आणि नवे मिळाले नाहीत, तर सरळ झालेले पाऊलही वाकडे होऊ लागते. शस्त्रक्रियागृहाचे दार न ओलांडता चालणारा हा उपचार जवळजवळ पूर्णपणे ओपीडीतच होतो. त्याला ‘अतातडीचा’ म्हणणारा माणूस फक्त मृत्यू मोजत असतो.

मोडलेल्या मनगटाचेही तेच. जागेवर बसवलेले हाड पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा सरकू शकते, म्हणून एक्स-रेसाठी बोलावतात. ती भेट चुकली की हाड जुळते, पण वाकडे. आणि मग तो दोष काढायला कधी हाड कापावे लागते.

आणि पाठदुखी? भारतात ती मणक्याच्या क्षयरोगाची असू शकते. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. सहा लाख माणसे एका वर्षात आपोआप बरी झाली, असे कोणी म्हणणार नाही. फुप्फुसाचा क्षय निदान खोकल्याने स्वतःची जाहिरात करतो. मणक्याचा कित्येकदा नुसता दुखत राहतो आणि उशीर झाला की पोक येते, पायांतले बळ जाते. पाठीच्या कण्यावरून बोट फिरवले, मणक्यावर हलके ठोकले, पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्या, तर संशय येतो. यातले फोनवर काहीही होत नाही.

गंमत, खरे तर संताप, याचा आहे की हे सरकारलाही ठाऊक होते. २५ मार्च २०२० रोजी आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात की शारीरिक तपासणी निर्णायक असेल, तर ती प्रत्यक्ष होईपर्यंत डॉक्टरांनी दूरसल्ला पुढे नेऊ नये. नियम शहाणा होता. तपासणी करायची ती दारे मात्र बंद होती.

संपूर्ण ओपीडी उघडी ठेवा, असे मी म्हणत नाही. पण प्लास्टर खोलीत एक डॉक्टर, एक तंत्रज्ञ, एक बाळ आणि त्याची आई एवढीच माणसे लागतात. तिला वेळ ठरवून चालवणे अशक्य नव्हते. कोणत्या आजारात किती आठवड्यांनी संधी हातची जाते, त्यानुसार रुग्णांची यादी करता आली असती. विभागाच्या दारावर सरसकट कुलूप लावणे अधिक सोपे होते, इतकेच.

दूरसल्ल्यांचे कोट्यवधी आकडे आपल्याकडे आहेत. न आलेल्यांचा आकडा कोणाकडे आहे? वैद्यकीय विद्यार्थ्यांनो, प्रबंधाला विषय शोधत असाल तर आपल्या रुग्णालयातली प्लास्टरची नोंदवही काढा. मार्च २०२० चे पान उघडा, तिसऱ्या प्लास्टरला आलेली नावे पाहा आणि त्यांतली किती चौथ्याला आली ते मोजा.