डॅकला वायफाय जोडा, पण आधी कान तपासा

रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला येणाऱ्या सावेडीतल्या एका निवृत्त गुरुजींनी परवा ओपीडीत वेगळाच प्रश्न विचारला. ‘‘डॉक्टरसाहेब, तुम्हालाही गाण्याचा नाद आहे म्हणून विचारतो. माझ्याकडच्या जुन्या डॅकला इंटरनेट जोडता येईल, की नवीन स्ट्रीमर घेऊ? हल्ली तंबोरा पूर्वीसारखा झंकारत नाही.’’ शेजारी बसलेल्या बाई हळूच म्हणाल्या, ‘‘आणि टीव्हीचा आवाज गल्लीभर जातो, तेही सांगा की.’’

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. डॅक म्हणजे आकड्यांत साठवलेल्या संगीताचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारे यंत्र. त्याला यूएसबीची जोडणी असेल, तर रास्पबेरी पायसारखा तळहातावर मावणारा संगणक जोडावा आणि त्यात मोफत मिळणारे सॉफ्टवेअर घालावे. घरच्या वायफायवरून गाणी डॅकपर्यंत पोचतात. चालता डबा टाकून महागडा घेण्याचे कारण नाही.

जाहिरातीतल्या १९२ किलोहर्ट्झलाही भुलू नये. तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. तेवढ्यात सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नोंदवता येतो. म्हणजे कानाची गरज तिथेच भागली. त्यातून वय वाढते तसे वरचे आवाज आधी हरवतात. तंबोऱ्याच्या झंकारातले बारीक स्वर, बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ पुसट होतात. बोललेले ऐकू येते, पण समजत नाही.

म्हणून गुरुजींना मी कान-नाक-घसा विभागात पाठवले. दोन्ही कानांनी वरचे आवाज बरेच कमी ऐकू येत होते. वर्षभर ते वायरी आणि स्पीकर बदलत होते. दोष यंत्रात नव्हताच.

आतल्या कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. वय त्यांना मारते, तसाच मोठा आवाजही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज तीन डेसिबलने वाढवला की ही मुदत निम्मी होते. पूर्वी कानाला आपोआप विश्रांती मिळे. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात सरे, आकाशवाणीची सभा संपे. स्ट्रीमिंगला शेवट नाही; एक गाणे संपण्याआधी दुसरे तयार असते. मला खरी धास्ती वाटते ती या न संपण्याची, विशेषतः दिवसभर कानात बोंडे घालून फिरणाऱ्या मुलांसाठी.

पन्नाशीनंतर आपण साखर आणि रक्तदाब तपासतो, चष्मा बदलतो. श्रवणचाचणी मात्र घरचे कंटाळेपर्यंत लांबवतो. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत कमी ऐकू येण्याची गणना केली आहे. तेव्हा पन्नाशीनंतरच्या तपासण्यांत श्रवणचाचणीही हवीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुरुजी आधी श्रवणयंत्राला तयार नव्हते. ‘‘म्हातारा दिसेन,’’ म्हणाले. मी म्हटले, ‘‘गुरुजी, तोही एक छोटा डिजिटल संगणकच आहे. आवाजाचे आकडे करतो आणि तुमच्या कानाला जे कमी पडते तेवढेच वाढवून देतो. अनेक यंत्रांत मोबाइलवरचे गाणे थेट कानात येते.’’ ते हसले. जुना डॅक त्यांनी ठेवला आहे. नव्या स्ट्रीमरसाठी बाजूला काढलेले पैसे आता श्रवणयंत्रासाठी लागणार आहेत.