मोबाईलमधली आजी

नवागाम-डिंडोलीत ज्याच्या घरी पाळणा हलतो, त्याचे निम्मे नातेवाईक तापी लाइनवर असतात. कुणी नंदुरबारला, कुणी दोंडाईच्याला, कुणी अमळनेरच्या पुढे. उधन्याहून गाडी आहे, पण शेतीची कामं, आईचे गुडघे आणि तिकीट असं सगळं एकदम जुळावं लागतं. म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात मला हमखास ऐकू येतं, "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना, आईला बाळ रोज दिसेल असं काहीतरी करून द्या."

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल 2016 च्या नोव्हेंबरमध्ये आला, म्हणजे साधन जुनं झालं. अडचण ॲपची नसतेच. आमच्या गावी वडील फोन सवयीने कानाला लावायचे. इकडे आम्हाला त्यांचा कान आणि टोपीची कड दिसे. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा फोनच्या पहिल्या पानावर मुलीच्या फोटोसह कॉलचं बटण करून दिलं आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचा, असं ठरलं. पत्र्याच्या घरात रेंज नाही, तेव्हा डबासुद्धा ओट्यावर येतो!

आपल्या बाजूने दोन गोष्टी बघा. बाळाच्या मागे खिडकी नको, नाहीतर तोंड काळं दिसतं. आणि पंख्याने फडफडणारा पडदा बाजूला करा. व्हिडिओ पाठवताना मुख्यतः चित्रात जे बदललं तेवढंच पाठवलं जातं. पडदा हलत राहिला की कमी रेंजमधली जागा तोच खातो आणि बाळाचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा होतो. तरीही अडकलंच, तर कॅमेरा बंद करून नुसतं बोलू द्या. बाळाला आवाजही पुरतो.

वेळ मात्र बाळाची घ्यावी. आम्ही सकाळी तेल लावतानाची धरली. आईला तिथून कामच मिळालं: "पाय जरा ओढ, घाबरू नको, मोडत नाही." बायकोला पहिले दोन दिवस ते जड गेलं, मग तीच विचारू लागली. उघड्या बाळाचे स्क्रीनशॉट मात्र काढायचे नाहीत आणि स्टेटसला तर नाहीच, हे मी दोन्ही घरांत स्पष्ट सांगून ठेवलंय. इथे मी कडक आहे.

"एवढ्या लहान बाळाला मोबाईल?" असं विचारणारे भेटतात. त्यांची काळजी खरी आहे. पण अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने 2016 मध्ये दीड वर्षाच्या आतल्या मुलांना स्क्रीन टाळा म्हणताना व्हिडिओ कॉलचा अपवाद केला होता. कार्टून उत्तर देत नाही, आजी देते.

आईला धास्ती वेगळीच होती. आठव्या-नवव्या महिन्यात मुलं परक्याला बघून रडतात. "आखाजीले येशात, आन् पोर मनाकडे येवाव नही," असं ती म्हणे. आखाजीला गेलो. दारातच आईने हात पुढे केले आणि मुलीने माझ्या मानेत तोंड खुपसलं. आईचे हात तसेच राहिले. मग ती रोजच्या सुरात म्हणाली, "काय करी ऱ्हायनी व माय?"

मुलीने झटकन मान वर केली, आणि माझ्या खिशातल्या फोनकडे बघितलं. आई इतकी हसली की मुलगीही हसली, आणि मग गेली तिच्याकडे.