वाळू कुठून आली?

फेब्रुवारीत दाल बाजारात ऊन चढलं की स्वेटर उतरतात आणि सहलीचे बेत सुरू होतात. बहुतेकांना वाघच बघायचा असतो. माझं म्हणणं, आधी चंबळ बघा. मुरैना जेमतेम ४० किलोमीटर, थोडं पुढे नदी. थंडी सरताना घडियाल, म्हणजे लांब जबड्याच्या सुसरी, वाळूवर ऊन खात पडलेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये माद्या त्याच वाळूत अंडी घालतात. अभयारण्यात वाळू उपशाला बंदी आहे, तरी चोरटा उपसा चालतोच. देवरी केंद्रात पिल्लं वाढवून नदीत सोडतात. पण काठच उरला नाही तर ती पुढे अंडी कुठे घालणार? सहलीचे फोटो खुशाल टाका. मात्र घरी बांधकाम निघालं की वाळू कुठून आली, हेही विचारा.