डिपॉझिट मुलांचं असतं, आपलं नव्हे



सध्या आपल्या महिला मंडळात एकच विषय आहे. पुण्यात कॉलेजजवळ दुसरा फ्लॅट घ्यायचा आणि मुलांना भाड्याने द्यायचा. जरूर घ्या. श्रावकाला धर्माने मिळकतीची मनाई केलेली नाही, मर्यादा ठरवायला सांगितली आहे. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत ‘वास्तू’ आहेच, तेव्हा परिमाण व्रत घेतलेल्यांनी आधी आपली मर्यादा तपासावी. माझा वाद घराशी नाही, त्यासोबत मिळणाऱ्या सल्ल्याशी आहे.

“करार नोंदवू नकोस, खर्च वाचतो. मुलं जाताना रंगाचे म्हणून एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापून घे. ती काय करणार आहेत?”

हे शेवटचं वाक्य मला सहन होत नाही. आपण रात्री जेवत नाही, पाणी गाळून पितो, चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही. आणि परीक्षा संपवून गावी निघालेल्या पोराला भांडायला वेळ नाही, म्हणून त्याचे पैसे ठेवून घेतो? न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, हे पाठशाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. डिपॉझिट ही ठेव आहे. कुणाच्या तरी वडिलांनी उसाच्या बिलातून ती भरलेली असते.

“पण मुलं घर खराब करतात!” करतात ना. आमच्याही फ्लॅटमध्ये चारजण राहतात, मला ठाऊक आहे. मग किल्ली देतानाच फोटो काढा, वस्तूंची यादी करून सह्या घ्या. जे मोडलं त्याचं बिल दाखवा आणि तेवढेच कापा. वापरून मळलेली भिंत मात्र मालकाच्या खर्चातली. करारही नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ती जबाबदारी मालकाचीच आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवलं, तेव्हा मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. आपल्याकडे एवढं कुणी मागत नाही. भाडं ठरलेलं पूर्ण घ्या, पण मुलांचे पैसे मुलांना परत द्या.