टॉवरचे उद्घाटन झाले, पुढे काय?

(बी. ए. भाग दोनमधील एक विद्यार्थिनी)

‘विज्ञानाने जग जवळ आणले आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेतल्या निबंधात एकदा तरी लिहिले असेल. मीही लिहिले होते आणि त्या निबंधाला दहापैकी आठ गुण मिळाले होते. परंतु गेल्या पावसाळ्यात, एटापल्ली तालुक्यातील माझ्या गावाबाहेरच्या टेकडीवर मोबाईल उंच धरून मोहाच्या झाडाखाली उभी असताना ते वाक्य आठवले आणि माझे मलाच हसू आले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. पडद्यावरचे चक्र गरगर फिरत होते. पाऊस थांबला, अंधार पडला, चक्र मात्र फिरतच राहिले. अर्ज गेला नाही.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्यासाठी शिष्यवृत्ती म्हणजे शाबासकीची थाप नव्हे. ती वसतिगृहाची खानावळ असते. त्या वर्षी ती खानावळ बाबांनी दोन बकऱ्या विकून भागवली. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे अजूनही वाटते.

राग कुणावर तरी निघायलाच हवा होता. तो माझ्या आतेभावावर निघाला, कारण तो एका ठेकेदाराकडे लाईन दुरुस्तीच्या कामावर आहे. “दादा, तुम्ही लोक पगार तरी कशाचा घेता?” असे मी चार माणसांत त्याला विचारले. त्याने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दारात येऊन एवढेच म्हणाला, “चाल माझ्यासंगं.” मी गेले. त्या एका दिवसाने माझे मत बदलले. म्हणून हा लेखप्रपंच.

मित्रहो, इंटरनेट आकाशातून येते असे आपल्याला वाटते. आपण टॉवरकडे पाहतो म्हणून तसे वाटते. प्रत्यक्षात अनेक टॉवरच्या पायाशी जमिनीखालून आलेली एक केबल असते आणि तिच्यात केसाएवढे बारीक काचेचे तंतू असतात. त्या काचेतून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशावर आपले अर्ज, निकाल आणि बँकेचे व्यवहार स्वार झालेले असतात. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीचा एक दात लागला, नाल्याच्या पुराने मोरीची कड वाहून नेली, उंदराने वेष्टन कुरतडले की प्रकाश तिथेच थांबतो आणि पुढची सारी गावे एका क्षणात मुकी होतात.

तुटले कुठे हे शोधणे म्हणजे गवतात सुई शोधणे. दादाजवळ एक यंत्र होते. ते केबलीत प्रकाश सोडते आणि परत आलेल्या प्रकाशावरून तार किती किलोमीटरवर तुटली ते सांगते. पण केबलीचे अंतर आणि रस्त्याचे अंतर एक नसते. ठिकठिकाणी खड्ड्यांत जादा केबल गुंडाळून ठेवलेली असते. त्यामुळे यंत्राने आकडा सांगितला तरी पुढे चिखलातून चालत शोध घ्यावाच लागतो. आम्ही तीन तास चाललो. शेवटी एका मोरीजवळ उघडी पडलेली केबल सापडली. मग ताडपत्री धरून आडोसा केला. तंतूवरचे वेष्टन सोलायचे, तो स्पिरिटने पुसायचा, टोक अगदी सरळ कापायचे, दोन टोके यंत्रात समोरासमोर ठेवायची आणि विजेच्या ठिणगीने ती वितळवून जोडायची. पाण्याचा थेंब वा धुळीचा कण आला की जोड फसला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे एकेक करून सगळे तंतू! ताडपत्रीचे टोक धरून माझे हात दुखू लागले. दादाची मान मात्र वर झाली नाही. मध्येच त्याचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी त्याच्यावर ओरडत होते. मी काल जे बोलले होते, जवळजवळ तेच शब्द होते.

केबल जोडली म्हणजे काम संपले असेही नाही. टॉवरला वीज हवी. वादळात झाड कोसळून वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो; बॅटरी काही तासांची सोबतीण. मग डिझेल हवे आणि डिझेलची गाडी नाल्याच्या अलीकडे उभी! भामरागडच्या मित्रांना हे समजावून सांगायला नको. पर्लकोटेला पूर येऊन त्या गावाचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. आणि दैव कसे पाहा, शेजारच्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्या जिल्ह्यातील कोळसा, पाणी आणि धूर यांच्या जोरावर दूरदूरची शहरे उजळतात. आपल्या टेकडीवरचा टॉवर मात्र एका बॅटरीवाचून अंधारात बसतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. नक्षलग्रस्त भागातील जुने टू-जी टॉवर फोर-जी करण्याचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला. पण प्रारंभी भारतनेटची तार सरळ रेषेत टाकली गेली, म्हणजे मधले एक गाव तुटले की पुढची सारी तुटली. हा दोष ओळखून ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. तीत तार वर्तुळाकार न्यायची असे ठरले, जेणेकरून एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने प्रकाश पोहोचेल. शिवाय दहा वर्षांच्या देखभालीचा त्यात समावेश झाला. म्हणजे तार टाकणे सोपे, ती जिवंत ठेवणे कठीण, हे शहाणपण यायला एक तप लागले!

माझे म्हणणे एवढेच आहे की, ही देखभाल करणार कोण? दूरच्या शहरातला ठेकेदार, त्याच्या हाताखालचा उपठेकेदार आणि सर्वांत शेवटी माझ्या दादासारखा एक मुलगा, ज्याच्या वाट्याला अख्खा तालुका आणि सर्वांच्या शिव्या! जंगलात परवानगी मिळत नाही, नक्षलवादी टॉवर पेटवतात, अशी कारणे वर्षानुवर्षे सांगितली गेली. ती खोटी नव्हती. पण परवानगीचा मार्ग कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे दूरसंचार वाहिनीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. तार आणताना ग्रामसभेची शिफारस चालते, मग तार सांभाळताना ग्रामसभेला कुणी का विचारत नाही?

आमच्या लोकांना हे जमेल का, अशी शंका काहीजण घेतील. त्यांनी धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा पाहावे. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हजारो एकर जंगलाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांना वीस-पंचवीस किलोमीटर केबल राखता येणार नाही? दहा-बारा ग्रामपंचायतींमागे गावातलीच दोन मुले शिकवून तयार करा, जोडणीचे एक यंत्र तालुक्याला ठेवा, पावसाळ्यापूर्वी बॅटऱ्या तपासा, रस्ता खोदणाऱ्याला आधी केबलीची जागा दाखवा. यात अशक्य ते काय आहे?

आणि तोपर्यंत एक करा. जिथे लाईन नाही तिथे कागदाचा अर्ज घ्या. दोन खिडक्या ठेवायला सरकारचे काय जाते? लाईन बंद असल्याचा दाखला ग्रामपंचायतीने द्यावा आणि तेवढे दिवस मुदत वाढावी. नदीला पूर आला म्हणून परीक्षा पुढे ढकलता येते, तर लाईन गेली म्हणून अर्जाची तारीख का नाही?

आपल्या प्राध्यापकांनाही एक नम्र विनंती. आपण कला शाखेचे विद्यार्थी कविता समजून घेतो, राज्यघटना समजून घेतो. पण ज्या तारेवर आपले सारे शिक्षण लोंबकळत आहे ती कशी चालते हे आपल्याला कुणी सांगत नाही. वर्षातून एकदा एखाद्या लाईनमनला व्याख्यानाला बोलवावे. त्याला भाषण येणार नाही कदाचित, पण त्याच्या हातातले यंत्र पुष्कळ बोलेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. पावसाळ्यापूर्वी केबलीच्या मार्गावर खुणेचे दगड रंगवण्याचे कामही आपल्याला घेता येईल.

त्या दिवशी संध्याकाळी केबल जुळली. परत येताना गावाजवळ माझ्या मोबाईलवर एकामागून एक संदेश वाजू लागले. त्यात अर्जाची मुदत संपल्याचाही एक होता. मी दादाला म्हणाले, “काल मी चुकीचं बोलले.” तो चाकाचा चिखल काढत म्हणाला, “सारेच बोलतेत. तू पाहाले तरी आलीस.”